गावात इज्जत वाढवायची असेल तर 142857 पाठ करा

पानठेल्यावर बसून पावसावर न् कापसाच्या भावावर बोलून आजवर कोणाची इज्जत वाढली नाही, तेव्हा भाऊ, यापुढे फक्त एक आकडा पाठ करा. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न.

समोरच्याला मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडायला लावायचं. दोननं गुण, 285714. तीननं गुण, 428571. चार, पाच, सहा, कायनंही गुण बे, तेच सहा अंक त्याच रांगेत गोल फिरतात, नवा पाव्हणा एकही नाही. एवढ्यात चार माणसं जमतातच, मग सातनं गुणायला सांगायचं. 999999! इथं लगेच काही बोलायचं नाही, शांतपणे खर्रा घोटत बसायचं.

"हे कायनं होते?" असं कोणी विचारलंच तर खरं उत्तर चुकूनही देऊ नका. खरं उत्तर म्हणजे एकाला सातनं भागत गेलं की बाकी 3, 2, 6, 4, 5 न् पुन्हा 1 अशी येते, सातच्या भागाकारात शून्य सोडून बाक्याच सहा, त्या संपल्या की गाडी परत पहिल्यापासून, म्हणून 0.142857142857 असं चालूच राहते, आणि दोन सप्तमांश, तीन सप्तमांश म्हणजे त्याच गोलात वेगळ्या अंकापासून सुरुवात. एवढं सांगून बसलात तर चमत्कार कुठं उरला? ऋषीमुनी म्हणा. आणि 17 चं तर नावच काढू नका, त्याचा असाच 16 अंकी गोल आहे, 19 चा 18 अंकी, माल इतका स्वस्त आहे हे कळलं तर तुम्हाला कोण विचारते!

वर्गही करून दाखवा, 20408122449. तोडून बेरीज करा, 20408 + 122449, परत तोच आकडा. अशा संख्येला कापरेकर संख्या म्हणतात, पण द. रा. कापरेकर पडले देवळालीचे शाळामास्तर, मास्तरच्या नावावर कोणी चहा पाजत नाही, नासा म्हणा.

मटकेवाले "ओपन काय येते" विचारतील. 1 सांगा, नाही आला तर 4, गोलच आहे, कधीतरी येतेच.

फक्त वाटणीच्या दिवशी आकडा घरी ठेवा. एक हेक्टर वावर, सात वारस, म्हणजे प्रत्येकी 14.2857 आर. पॉइंटच्या पुढचं कोण मोजते म्हणून 14 लिहिले की सात चौदे अठ्ठ्याण्णव, दोन आर उरले, आणि त्या दोन आरच्या धुऱ्यावर पुढची पिढी कोर्टात. ऋषीमुनी तिथं साक्षीला येत नाहीत. त्यापेक्षा सातात एक बहीण असेलच, तिला साडी-चोळी करा न् हक्कसोड लिहून घ्या, कायद्यात तिचा वाटा भावाइतकाच आहे हे तिला सांगायची काय गरज? मग सहानं भागा, 16.6666, नुसते सहाच सहा, काही फिरत नाही, कोणी विचारत नाही. भांडायचं तर सहा भाऊ आहेतच.