गिअरबॉक्स उतरवायच्या आधी गाडी चालवून तरी बघा!

'आवाज येतोय? गिअरबॉक्स गेला.' झालं निदान! गाडीचं इंजिन अजून बंद झालेलं नसतं, मिस्त्री पानाची पिचकारी टाकून उठलेला नसतो, आणि तोवर निकालही लागलेला असतो. चार दिवसांनी गिअरबॉक्स खाली, बेअरिंगचा सगळा सेट नवा, सिंक्रोनायझर रिंगा नव्या, बिल जबरदस्त. गाडी रस्त्यावर आली की साठच्या वेगाला तोच आवाज, त्याच जागी, त्याच सुरात. मग कोडगेपणाने पुढचं वाक्य: 'आता एक्सलमधलं क्राउन-पिनियन (दातांची जोडी) बघावं लागेल.' म्हणजे इतके दिवस तुम्ही काय बघत होतात?

चीड याची येते की मारुतीची जुनी जिप्सी, ही चारही चाकांना ताकद देता येणारी जीप, आवाज शोधायला जगातली सगळ्यात सोपी गाडी असेल. १९८५ला भारतात आलेली ही गाडी. गिअरबॉक्स वेगळा, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) वेगळी, दोघांच्या मधे एक आखूड शाफ्ट, तिथून एक शाफ्ट पुढच्या एक्सलला आणि एक मागच्या. प्रत्येक भाग दुसऱ्यापासून तोडून तपासता येतो. सैन्यात, पोलिसांत, ताडोबाच्या सफारीत ही गाडी वर्षानुवर्षं राबली ती काय उगाच? पण तोडून तपासायला डोकं लागतं, आणि उतरवायला फक्त पाने.

पानाही न लावता काय कळतं ते ऐका. मोकळ्या सपाट रस्त्यावर पन्नासच्या वेगाने तिसऱ्या, चौथ्या, पाचव्यात गाडी चालवा. गिअर बदलला, इंजिनचे फेरे बदलले, तरी आवाजाचा सूर तोच राहिला तर भानगड बहुधा गिअरबॉक्सच्या मागे आहे. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला टाका आणि गाडी नुसती घरंगळू द्या. आवाज तसाच? मग आधी गिअरबॉक्सचं नाव काढू नका. उलट सगळ्या गिअरमध्ये घरघर आणि चौथ्यात गायब, तर ले-शाफ्टचं (गिअरबॉक्समधल्या जोडशाफ्टचं) बेअरिंग बघा, कारण चौथा गिअर थेट असतो, त्यात ले-शाफ्टवर भार येत नाही. एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्या गिअरची जोडी. उभ्या गाडीत न्यूट्रलला आवाज आहे आणि क्लच दाबल्यावर थांबतो, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावर सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. यात काय रॉकेट उडवायचंय?

आता ती बिचारी ट्रान्स्फरच्या लिव्हरची न्यूट्रल, म्हणजे एक्सलला ताकद न जाणारी जागा. तिचा उपयोग आवाज शोधायला होतो हे कुणाच्या गावीच नाही. चारही चाकांना अडण्या लावा (ट्रान्स्फर न्यूट्रलला असताना गिअर गाडी धरून ठेवत नाही, हे विसरलात तर गाडी भिंतीत), ट्रान्स्फर न्यूट्रलला, गिअर तिसऱ्यात, क्लच सोडा आणि रेस द्या. आता गिअरबॉक्स, मधला आखूड शाफ्ट आणि ट्रान्स्फरची गिअरबॉक्सकडची बाजू एवढंच फिरतंय. एक्सल ठप्प. आवाज आला तर याच तिघांत. नाही आला तर शोध मागे-पुढे न्या. भार नसल्याने काही आवाज इथे लपतात हे खरं, पण दोन मिनिटांत निम्मी गाडी संशयातून सुटते, हे काय कमी आहे?

आणि ट्रान्स्फर केस टांगलेली असते ती तीन रबरी माउंटिंगवर. तीन! तेल पिऊन, उन्हात सुकून ती रबरं फाटतात. मग रेस दिली की अख्खी केस वळते, मधल्या शाफ्टचा कोन बिघडतो, थरथर सुरू होते, लिव्हर नाचतो आणि दातांचा आवाज थेट चेसीतून केबिनमध्ये. किती गिअरबॉक्स त्या तीन रबरांच्या पापाने उतरले असतील! टॉमी (लोखंडी पहार) घालून केस हलवून बघायला किती वेळ लागतो? पण खाली सरपटायचं कोण? कपडे मळतात ना.

थरथर असेल तर निदान मोजा तरी. जिप्सी किंग मॉडेलला २०५/७० आर १५ टायर असतील तर साठच्या वेगाला चाक सेकंदाला साधारण ८ फेरे घेतं. एक्सलचं प्रमाण ३.९०९ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे इतके फेरे), म्हणून मागचा शाफ्ट ३१ फेरे. ट्रान्स्फरच्या हाय (नेहमीच्या वेगाच्या) गिअरचं प्रमाण १.४०९, म्हणून मधला आखूड शाफ्ट ४४ च्या आसपास. 'धब धब धब' असं जवळजवळ मोजता आलं तर टायर किंवा चाक. पायाखाली गुणगुणल्यासारखं झालं तर शाफ्ट. फोनवर कंपनं मोजणारी ॲप फुकट मिळतात. पण नाही, आपण स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटणार आणि 'पिनियन' म्हणणार.

शाफ्ट काढून ट्रायल घ्या म्हटलं की मिस्त्री अंगावर येतात. अहो, दोन्ही टोकांना फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) आहे, प्रत्येकी चार बोल्ट, तेलाचा थेंब सांडत नाही! फ्लँजवर आधी खूण करा म्हणजे परत तसाच बसेल. पुढचा शाफ्ट काढून टू-एचमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) चालवा. मग पुढचा लावून मागचा काढा, हब लॉक करा (म्हणजे पुढची चाकं एक्सलला जोडली जातात) आणि फोर-एचमध्ये (एरवी चारही चाकांना ताकद) फक्त पुढच्या चाकांवर सावकाश चालवा. आवाज कोणासोबत गेला हे शेंबड्या पोराला कळेल. शाफ्ट हातात आहेच तर क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) हलवून बघा. जरासुद्धा खेळ नको. कपाजवळ लालसर गंजाची भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडल्यात, सावकाश चालवताना चिमणीसारखी चिवचिव त्याचीच. आणि स्प्लाइन (शाफ्टचा सरकता दातेरी जोड) वेगळी केलीत तर दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे फाटे) एका रेषेत आणून जोडा. एक दात चुकला की नवीन क्रॉस घालूनही गाडी थरथरणार, आणि दोष जाणार कंपनीच्या क्रॉसला.

पिनियनच्या ऑइल सीलचा किस्सा तर संताप आणणारा. सील गळतंय म्हणून नट खोलला, सील बदललं आणि हवेच्या गनने 'टर्रर्र' करून नट आवळला. तिथे बेअरिंगचा प्रीलोड (ठरलेला दाब) असतो, दबून बसणारा स्पेसर असतो! जास्त दाबलं की बेअरिंग गरम होऊन रडणार, ढिलं राहिलं की पिनियन पुढे-मागे होऊन दात ओरडणार. खोलण्याआधी नटाची जागा खुणेने धरायची आणि बसवताना तिथेच आणायचा, एवढंही जमत नाही? महिन्याभराने रेस देताना वेगळी आणि सोडताना वेगळी शिट्टी सुरू झाली की म्हणायचं, 'गाडी जुनी आहे साहेब.' गाडी जुनी आहे, पण ही शिट्टी तुमची नवी आहे.

चाकाचं बेअरिंग कोण बघतंय? मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावीकडे वळवलं की भार उजव्या चाकावर जातो. घरघर वाढली तर उजवं बेअरिंग. मग जॅक लावून चाक वर-खाली हलवा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. पुढच्या चाकाचा खेळ ब्रेक दाबल्यावर गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन (ज्या खिळीवर चाक वळतं ती). ही युक्ती माहीत नसल्यामुळे चांगली बेअरिंगं भंगारात जातात आणि किंगपिन तसेच खडखडत राहतात.

तेलाबद्दल बोलूच नये, पण बोलतो. आवाज दाबायला डिफरेन्शियलमध्ये (एक्सलमधल्या क्राउन-पिनियनच्या पेटीत) १४० चं जाड तेल ओतणारे आणि विकायच्या गाडीत भुसा घालणारे एकाच माळेचे मणी. ड्रेन प्लगवर करडी मऊ पेस्ट असेल तर चालतं, चकचकीत कपचे असतील तर खोला. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. पावसाळ्यात गरम एक्सल ओढ्यात उतरला, ब्रीदर (एक्सलची हवा जायची-यायची वाट) चिखलाने बंद, की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी खेचते. ब्रीदर साफ करणं हे सर्व्हिसमध्ये मोडत नाही का? की ते बिलात दिसत नाही म्हणून राहतं?

मालक लोकांनो, तुम्हीही हसू नका. 'आवाज येतो' एवढंच सांगता. कुठल्या वेगाला, रेस देताना की सोडताना, सरळ की वळणावर, टू-एच की फोर-एच, काही नाही. कोरड्या डांबरावर फोर-एच टाकून वळता आणि 'कटकट होतंय' म्हणून तक्रार आणता. होणारच, पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधे डिफरेन्शियल नाही, ताण सुटायला जागा नाही! आणि ते चिखलाचे गाठीगाठीचे टायर, एका बाजूने करवतीसारखे झिजलेले, त्यांचा घूंऽऽ आवाज आणि खराब बेअरिंगचा आवाज जुळ्या भावांसारखा. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलला, किंवा पुढचे टायर मागे टाकल्यावर आवाज मागे गेला, तर गुन्हेगार टायर. चार चाकांची अदलाबदल करायला अर्धा तास. गिअरबॉक्स उतरवायला चार दिवस. तरी आधी गिअरबॉक्सच उतरतो!