लाकूड नुसत्या उन्हाने सुटत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोन दिवस मनात घोळत होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गाडीच्या आत खऱ्या लाकडाची ट्रिम, म्हणजे सजावटीच्या पट्ट्या, बसवण्यावरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. लाकूड उन्हात टिकत नाही, तुमच्या दाराची पट्टी दोन उन्हाळ्यांत सुटली. लाकडाच्या छापाची फिल्म लावली तरी तसंच दिसतं. आणि अपघात झाला तर लाकडाच्या ढलप्या अंगात घुसतील.

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण तो पूर्ण बरोबर आहे आणि माझ्या लेखात तो भाग यायलाच हवा होता. एअरबॅगच्या पुढचं पॅनेल ठरावीक रेषेवर उघडावं असंच बनवलेलं असतं. त्यावर व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलं तर ते नीट उघडणार नाही, किंवा उघडताना लाकडाचे तुकडे समोरच्याच्या तोंडावर उडतील. म्हणून स्टिअरिंगचा मधला भाग, प्रवाशासमोरचा डॅशबोर्ड, गुडघ्यांसमोरचं पॅनेल, काचांमधले खांब आणि सीटची बाजू इथे लाकूड लावायचं नाही. काही गाड्यांत दारातही एअरबॅग असते, तेव्हा गाडीचं पुस्तक आधी बघा. रोल्स-रॉइसच्या ट्रिममध्ये लाकडाच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे घालतात, ते ढलप्या निघू नयेत म्हणूनच. घरी तसं करणं शक्य नाही, पण निदान भरीव लाकडाची पट्टी लावू नये. मी गिअरभोवतीची चौकट आणि दारावरची सपाट पट्टी एवढ्यावरच थांबतो, तेही पातळ व्हिनिअर लावून.

आता उन्हात न टिकण्याबद्दल, म्हणजे तडकण्याबद्दल आणि सुटण्याबद्दल. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

लाकूड दमटपणा शोषतं आणि सोडतं, त्याप्रमाणे फुगतं आणि आकसतं. पण हे लाकडातल्या रेषांच्या आडव्या दिशेला होतं, लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पाच-सहा मिलिमीटर जाडीची फळी आकसते तेव्हा तिच्यात इतका जोर असतो की ती खालचं प्लास्टिक वाकवते, नाहीतर स्वतः फाटते. ०.६ मिलिमीटरच्या व्हिनिअरमध्ये तेवढी ताकदच नसते. नीट चिकटलं असेल तर ते खालच्या भागाला धरून राहतं. जुन्या गाड्यांच्या लाकडावर ज्या बारीक भेगा दिसतात, त्या बऱ्याचदा लाकडाच्या नसतात, वरच्या लॅकरच्या, म्हणजे चकचकीत लेपाच्या असतात. वर्षानुवर्षं ऊन खाऊन लॅकर ठिसूळ होतं. ते खरवडून काढलं की खालचं व्हिनिअर पुष्कळदा शाबूत निघतं.

मग पट्टी सुटते कशामुळे? माझीही पहिली पट्टी सुटली होती. मी सुतारकामातला नेहमीचा पांढरा गोंद वापरला होता आणि तो उष्णतेने मऊ पडतो. बंद गाडीत थेट ऊन पडलेला डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर जाऊ शकतो. साधं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, तेसुद्धा नुसत्या खोलीच्या तापमानाला वाळवलं, तर ५०-६० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं. म्हणून उष्णता सोसणारं इपॉक्सी घ्यावं आणि ते डब्यावर सांगितलेल्या तापमानाला पुन्हा शेकून घ्यावं. ही पायरी लोक सर्रास गाळतात.

दुसरं कारण प्लास्टिकचं. भाग उलटा केला की मागे बारीक अक्षरांत त्याचा प्रकार कोरलेला असतो. एबीएस असेल तर पॉलिश पेपरने खरवडून पुसलं की इपॉक्सी घट्ट धरतं. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर कितीही घासा, खास प्रायमरशिवाय त्याला काही चिकटत नाही. तिसरं, साग असेल तर त्यात मुळातच तेल असतं, चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसावं लागतं. आणि कडा! सगळे वरचा भाग चकचकीत करतात आणि कडा उघड्या ठेवतात. दमटपणा तिथूनच शिरतो, सुटायला सुरुवातही तिथूनच होते. वरचा थर अतिनील किरण अडवणाऱ्या दोन घटकांच्या पॉलियुरेथेनचा द्या आणि तोच कडांवरूनही फिरवा.

फिल्मबद्दल थोडक्यात. फिल्म स्वस्त आहे, तिला नाव ठेवायचं मला कारण नाही. पण एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेले दोन पापुद्रे पुस्तक उघडावं तसे शेजारी मांडले की डावी बाजू उजवीचं प्रतिबिंब होते. रोल्स-रॉइस आणि बेंटलीच्या गाड्यांत ही मांडणी दिसते. असे दोन पापुद्रे मी पहिल्यांदा जुळवले तेव्हा कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो. फिल्मवरची तीच ती गाठ चौथ्यांदा दिसली की माझं मन त्यातून उठतं.

एअरबॅगचा भाग आज लेखाच्या अगदी वर घालतो आहे. तुमची सुटलेली पट्टी अजून जपून ठेवली असेल, तर तिच्या मागची अक्षरं आणि कोणता गोंद वापरला होता ते कळवा. गोंद प्लास्टिकवर राहिला आहे की लाकडाबरोबर निघाला, हेही बघा. सगळा लाकडाबरोबर निघाला असेल, तर मला पीपीचाच संशय आहे.