घरं कुलूपबंद, आणि माणसं खोली शोधतायत

२००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. गावोगाव घरांना कुलपं आहेत. गणपती-शिमग्याला ती निघतात, चार दिवस पडवीत गजबज असते, चाकरमानी परतले की पुन्हा लागतात. आणि त्याच कोकणात, रत्नागिरी, चिपळूण, मालवणसारख्या ठिकाणी, बेताच्या कमाईच्या माणसाला राहायला जागा मिळत नाही. जिल्हा रिकामा होतोय म्हणजे घरांचा प्रश्न नाही, असं समजून बसलेल्या सगळ्यांसाठी ही पोस्ट आहे. मोठी आहे, पण वाचा.

मी बांधकाम परवानगीच्या फायली करतो. नकाशे, उतारे, मोजणी, जोत्याची तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र, हेच माझं काम. त्यामुळे घर बांधू न शकलेली माणसंही मला रोज भेटतात.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी भागात २०१५ साली आली. ज्याची स्वतःची जागा आहे त्याला घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतात. योजना चांगली आहे, तिच्यामुळे घरं उभी राहिलेली मी पाहिली आहेत. पण ‘स्वतःची जागा’ म्हणजे कोकणात काय, हे ती आखणाऱ्यांच्या गावीही नसावं. आपल्याकडे पाच गुंठ्यांच्या उताऱ्यावर वीस-पंचवीस नावं असतात. अर्धी वारलेली, त्यांची वारस नोंद नाही. उरलेली लालबाग, डोंबिवली, विरारला. पोटहिस्सा, म्हणजे ज्याची त्याची वेगळी वाटणी, पडलेला नाही, कारण मोजणीला सगळे हिस्सेदार एकत्र येत नाहीत. भांडण असतंच असंही नाही. परवा एक बाई म्हणाल्या, “भाऊ, सही कराला कोन नाय म्हनत नाय, पन येत पन कोन नाय.” त्यांची फाईल संमतीपत्रापाशी अडली आहे. त्यातून गावच्या चिऱ्याच्या सामाईक घराच्या उताऱ्यावर नाव निघालं, तर “तुमचं पक्कं घर आहे” म्हणून पात्रतेचाच प्रश्न उभा राहतो. त्या घरात त्यांच्या वाट्याला अर्धी खोलीही येत नाही, हे कागदावर कुठे दिसतं?

नगरपरिषदेने भूमी अभिलेख आणि महसूलच्या माणसांना सोबत घेऊन, मे महिन्यात आणि गणपतीत, म्हणजे चाकरमानी गावी असतात तेव्हा, प्रभागवार शिबिरं लावावीत. वारस नोंद, संमतीपत्र, मोजणीचा अर्ज, सगळं एका मांडवात. याला नवा कायदा लागत नाही. इच्छा असली तर येत्या हंगामात होईल.

आता ज्यांना जागाच नाही त्यांचं. रुग्णालयातल्या कंत्राटी परिचारिका, दुकानांतल्या मुली, हॉटेलांतले आचारी, विजापूरकडून आलेले गवंडी, बोटींवरचे खलाशी. यांतल्या बहुतेकांना विकतचा फ्लॅट नको आहे, परवडणारही नाही. त्यांना हवी आहे भाड्याची नीट खोली, जिथे पाणी येतं, संडास आत आहे आणि अकरा महिन्यांनी बोचकं उचलावं लागत नाही. मालवण-तारकर्लीकडे खोली पर्यटकाला दिली तर नाताळच्या आठवड्यात जे मिळतं ते भाडेकरूकडून कित्येक महिन्यांत मिळत नाही. मालकाला मी दोष देणार नाही, त्याचंही पोट त्यावर आहे. पण मग त्या हॉटेलात भांडी घासणाऱ्याने राहायचं कुठे, हा प्रश्न कुणीतरी अंगावर घ्यायला हवा, आणि ते काम नगरपरिषदेचं आहे.

इथे नियमांचंही पाहा. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या अभिन्यासात, म्हणजे लेआउटमध्ये, वीस टक्के भाग दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याची तरतूद आहे. उत्तम तरतूद. पण ती दहा लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या महानगरपालिकांना लागू आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहर ७६ हजारांचं होतं, चिपळूण ५५ हजारांचं. म्हणजे आपल्याकडे डोंगर कापून कितीही मोठी वसाहत उठली, ‘सी-व्ह्यू’ची पाटी लागली, तरी त्यात एक लहान घर ठेवायचं बंधन बिल्डरवर नाही. किनाऱ्यावरच्या शहरांसाठी ही लोकसंख्येची मर्यादा खाली आणा, असा ठराव प्रत्येक नगरपरिषदेने करून शासनाला पाठवावा.

आणि जमिनींची आरक्षणं! शहराच्या विकास आराखड्यात वीस वर्षांचा विचार करून सार्वजनिक कामांसाठी जागा राखून ठेवतात. कायद्याप्रमाणे दहा वर्षांत ती जागा संपादन झाली नाही तर मालक ‘आता विकत घ्या’ अशी खरेदी सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. लहान नगरपरिषदेच्या तिजोरीत संपादनाचे पैसे नसतात, त्यामुळे गेलेली जागा परत मिळत नाही. म्हणून जी जमीन आज नगरपरिषदेची स्वतःची आहे, तिच्यावर आणखी एक व्यापारी संकुल बांधण्याआधी शंभरदा विचार करा. आवास योजनेच्या २०२४ मधल्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे, नोकरदार महिला आणि स्थलांतरित कामगार त्यात धरलेले आहेत. आपली जमीन, त्यावर नगरपरिषदेच्या मालकीच्या भाड्याच्या खोल्या. त्या विकायच्या नाहीत, कधीच नाहीत. विकल्या की दुसऱ्या हातात त्या बाजारभावाने जातात.

जागा निवडताना मात्र जपून. चिपळूणने २२ जुलै २०२१ चा पूर पाहिला आहे. निळ्या आणि लाल पूररेषेवरून तिथे लोक चिडतात ते मला समजतं, पिढ्यान्‌पिढ्यांचं घर एका रेषेने अडकतं. तरीही नदीकाठच्या सखल भागात गरिबाला पुन्हा बसवू नका. आणि उलट टोकाला, शहराबाहेर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, जिथे एसटी नाही, एप्रिलपासून टँकर लागतो, तिथेही टाकू नका. जांभ्यात सेप्टिक टँक खोदायचा तर खालच्या विहिरीचा विचार आधी. रत्नागिरीत कुवारबाव, नाचणे, मिरजोळे या बाजूंना इमारती वाढल्या. राहायचं ग्रामपंचायतीत आणि कामाला शहरात, अशी हजारो माणसं आहेत. त्यांच्या पाण्याचा, सांडपाण्याचा आराखडा हद्दीपाशी थांबून कसा चालेल? हद्दवाढीचा वाद होईल तेव्हा होवो, पाण्याची आणि रस्त्याची आखणी नगरपरिषद आणि ग्रामपंचायत दोघांनी आजच एकत्र करावी.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. कोकणातल्या बऱ्याच नगरपरिषदा त्यानंतर चार वर्षं प्रशासकाकडे होत्या. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, आता विचारायला नगरसेवक आहेत. तर विचारा. पहिली मागणी ही ठेवा: नगरपरिषदेच्या मालकीच्या जमिनींची सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळासह यादी सर्वसाधारण सभेत ठेवा आणि फलकावर लावा. दुसरी, शहरात भाड्याने राहणाऱ्यांची मोजणी करा, खलाशी आणि गवंड्यांच्या झोपड्यांसकट. विकास आराखड्याचा प्रारूप, म्हणजे मसुदा, निघाला की हरकतींना तीस दिवस मिळतात, आणि दरवेळी हरकती येतात त्या ज्यांची जमीन जाते त्यांच्याच. ज्यांना जमीनच नाही त्यांची हरकत कुणी लिहीत नाही. ज्यांना लिहायची आहे त्यांनी मला इथे मेसेज करा. नकाशा समजावून सांगेन, अर्ज लिहून देईन, पैसे घेणार नाही.