दोन वर्षांत सगळं एआय करणार? सोलापुरात फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

दहावी-बारावीचे निकाल लागले की सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. येत्या दोन वर्षांत एआय सगळी कामं करेल, तेव्हा इंजिनिअरिंग-कॉमर्सवर पैसे घालवू नका. चादरीची नक्षी यंत्रच काढेल. एआयला सगळ्या भाषा येतात, म्हणून मराठीत शिकून उपयोग नाही. कांद्याचा भाव एआय आधीच सांगेल आणि शेतकरी मालामाल होईल. तळाला महिनाभराच्या कोर्सचा फोन नंबर. हे वाचून पालक मुलींचे प्रवेश बदलायला निघालेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, डिग्र्यांचा. २०१६ साली जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिऑलॉजिस्ट घडवणं आताच थांबवा, पाच वर्षांत, फार तर दहा, यंत्र त्यांच्यापेक्षा सरस ठरेल. हिंटन म्हणजे एआयचा पाया घालणाऱ्यांपैकी एक; २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आज एक्स-रे, सीटी स्कॅन तपासायला एआयची मदत होते, पण रिपोर्टवर सही डॉक्टरचीच लागते. आणि आपल्याकडे ‘नीट पीजी’ या डॉक्टरांच्या प्रवेश परीक्षेत वरचे नंबर काढणारी मुलं रेडिऑलॉजीच्याच जागांवर तुटून पडतात. एप्रिल २०१९ मध्ये इलॉन मस्क यांनी पुढच्या वर्षी दहा लाखांवर रोबोटॅक्सी, म्हणजे चालकाविना धावणाऱ्या टॅक्सी, रस्त्यावर असतील असं सांगितलं होतं. तसं झालं नाही. इतक्या जाणत्यांचे अंदाज चुकले, तर निनावी मेसेजमधल्या दोन वर्षांवर मुलीचा प्रवेश कसा ठरवायचा?

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये म्हटलं की जगातल्या सुमारे ४० टक्के नोकऱ्यांवर एआयचा परिणाम होईल. मेसेजमध्ये त्याचं ‘४० टक्के नोकऱ्या जाणार’ झालं. मूळ अहवालात परिणाम दोन्ही बाजूंचा आहे: काही कामं जातील, काहींत माणसाचा हात हलका होईल.

मेसेजमधली भीती मात्र सगळीच खोटी नाही. नुसतं डेटा एंट्रीचं काम, ठरावीक उत्तरं देणारं कॉल सेंटर, नवशिक्याचं साधं कोडिंग, इथे फटका बसेल. हिंजवडीला पहिल्या नोकरीसाठी जाणाऱ्या आपल्या मुलांना त्याची झळ लागेल. बी.कॉम.च्या मुलीला टॅलीत एंट्री करता येणं पुरणार नाही; जीएसटीची नोटीस वाचून घोळ कुठे झालाय ते सांगता यावं लागेल. त्यासाठी कॉमर्स जास्त खोलात शिकावं लागतं, आणि हा मेसेज नेमकं तेच सोडायला सांगतोय.

दुसरा मुद्दा चादरीचा, आणि तो मला सगळ्यात लागला. एआयने मोराचं किंवा वेलबुट्टीचं सुंदर चित्र क्षणात निघतं, कबूल. पण ते चित्र मागावर चढत नाही. चित्रात हजारो छटा असतात, चादर मोजक्या रंगांच्या सुतात विणायची असते. कोणता उभा धागा कुठे उचलायचा, आडवा कुठे लपवायचा, हे ओळीओळीने ठरवावं लागतं. एखादा धागा फार लांबपर्यंत मोकळा राहिला तर धुण्यात अडकतो, तुटतो. उलट्या बाजूलाही नक्षी नीट दिसावी लागते. शिवाय सूत किती खपेल, भाव परवडेल का, हा हिशेब नक्षीतच दडलेला असतो. ग्राफवर, म्हणजे नक्षीच्या आखीव कागदावर, एकेक चौकट भरणारा जाणता माणूस हे सगळं एका नजरेत बघतो.

खरं तर डेटा सोलापूरला नवा नाही; नक्षीच्या मागाचं मूळच त्यात आहे. जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारा माग आणला. भोक असेल तर धागा उचलला जातो, नसेल तर खाली राहतो. त्याच कल्पनेच्या वळणावर १८९० ची अमेरिकेची जनगणना पंच कार्डांवर मोजली गेली आणि पुढे संगणकालाही कार्डं खाऊ घातली गेली. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण तिच्या नक्षीचं ज्ञान जुन्या ग्राफांत आणि लोकांच्या हातात आहे, इंटरनेटवर नाही. जे तिथे नाही ते एआयचं मॉडेल, म्हणजे त्यामागची शिकवलेली प्रणाली, कुठून शिकणार? अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदारांना माझी कळकळीची विनंती आहे: जुने ग्राफ रद्दीत घालू नका, स्कॅन करून ठेवा. उद्या कोणी ते मॉडेलला शिकवायला मागितले, तर फुकट देऊ नका.

भाषेचा मुद्दा थोडक्यात. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. तरी मॉडेलं ज्या वेब-मजकुरावर शिकतात त्यात मराठीचा वाटा एक टक्क्याच्याही कितीतरी खाली आहे. मॉडेल मजकूर छोट्या तुकड्यांत तोडून वाचतं; देवनागरी मजकुराचे तुकडे जास्त पडतात, म्हणून तेवढाच अर्थ पोचवायला यंत्राला खर्च जास्त येतो. नव्या मॉडेलांत फरक कमी झालाय, मिटलेला नाही. आणि आपल्या शहरात घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड नाहीतर दखनी! एका वाक्यात तीन भाषा आल्या की आवाज ओळखणारी यंत्रं गडबडतात. त्यांना मराठी नीट यायला हवी असेल तर मराठीत भरपूर आणि चांगलं लिहिणारी माणसं लागतील. मुलांनी मराठी सोडली तर ती माणसं कुठून येणार?

आता कांदा. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात आणला. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन त्याच्या हाती २ रुपयांचा चेक पडला. भाव पडणार हे त्याला आठवडाभर आधी कळलं असतं तरी उन्हात काढून ठेवलेला कांदा तो कुठे नेणार होता? कांदा साठवायला चाळ नाही, हाताशी पैसा नाही. आणि एकच अंदाज सगळ्यांच्या मोबाइलवर गेला, तर सगळ्यांच्या गाड्या त्याच दिवशी बाजार समितीच्या दारात उभ्या राहतील. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत. मागच्या भावांचा कितीही डेटा ओतला तरी दिल्लीतला असा निर्णय त्यातून निघत नाही.

पावसाचं वेगळं आहे. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने एआय मॉडेलांच्या आधारे सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना पावसाचा अंदाज एसएमएसने पाठवला, काही आठवडे आधी. पेरणी कधी करायची हे ठरवायला असा अंदाज उपयोगी पडतो. ढगांना सरकारी आदेश लागू होत नाहीत, त्यामुळे तिथे यंत्राला वाव आहे.

राहिला तळाचा फोन नंबर. फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: शिकवणाऱ्याने स्वतः काय काम केलंय, आधीच्या बॅचमधली चार मुलं भेटवता का, आणि कोर्स सोडला तर फी किती परत. उत्तर लेखी मागा. आणि प्रवेशाची मुदत संपायच्या आत मुलीचा फॉर्म भरून टाका.