साखळी जपून ठेवा

मॅग्नेट ड्रिल, म्हणजे विजेच्या चुंबकाने गर्डरला चिकटून भोक पाडणारी मशीन, नवीन आणलं की खोक्यातून सगळ्यात आधी साखळी बाहेर काढा. तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, गॅरंटी कार्डाच्या शेजारी असते. ती मशीनच्या हँडलमधून ओवून गर्डरला आवळून बांधायची, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. पण पुस्तक लिहिणाऱ्याने आपल्या साइटवरचा पाण्याचा जार पाहिलेला नाही. तिथला स्टीलचा ग्लास दर आठवड्याला गायब होतो. तेव्हा साखळी ग्लासाला बांधा. मशीन बँकेच्या हप्त्यावर आहे, ग्लास रोखीने घेतलाय.

तसंही साखळी म्हटलं की आपल्या मराठवाड्यात माणूस बिथरतो. बाकीचा देश १५ ऑगस्ट १९४७ ला मोकळा झाला, आपल्याला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. एवढ्या उशिरा सुटलेल्या माणसाने पुन्हा साखळ्या बांधत बसायचं होय? एखादा नवा हेल्पर विचारतोच, "मालक, साखळी लावू का?" त्याला आमच्या ठेकेदाराने दिलेलं उत्तर पाठ करून ठेवा. "जित्राब हाय का ते, सुटून पळायला?"

आता जागा निवडा. प्लेटची जाडी अजिबात मोजू नका. जालन्याच्या भट्ट्यांतून सळई निघते, वाळूज-शेंद्र्याला रोज नवं शेड उभं राहतं, लोखंडाचं आपल्याला कोण शिकवणार? खोक्यावर चुंबकाची पकड हजार-दीड हजार किलो छापलेली असते, ती मोठ्याने वाचा. ती मोजताना चुंबकाखाली चांगली जाडजूड, घासून साफ केलेली प्लेट होती हे बारीक अक्षरात असतं, आणि बारीक अक्षर आपण पीककर्जाच्या कागदावरसुद्धा वाचत नाही. ६ मिलिमीटरच्या पत्र्यात चुंबकाला धरायला पुरेसं लोखंडच मिळत नाही. मागून एखादी जाड प्लेट क्लॅम्प केली तर काम भागतं, पण प्लेट शोधायला उठावं लागतं.

शिवाय ती हजार किलोची पकड सरळ ओढून उपटण्याची आहे. उभ्या कॉलमवर मशीन उपटून निघत नाही, ती घसरते. घसरण्याला चुंबक त्या मानाने फारच कमी दाद देतं. हे ज्ञान हेल्परला देऊ नका, उगाच घाबरतो.

रेड ऑक्साइडचे दोन हात मारलेत, ते खरवडू नका. पेंटर रुसतो. कालचा कीस चुंबकाला चिकटलेला असेल तर तसाच राहू द्या, लोखंडच आहे ते. रंग, गंज, कीस यांनी कागदाएवढी फट पडली तरी पकड ढिली होते, पण कागदाएवढ्या गोष्टीसाठी पॉलिशपेपर कोण शोधणार? मॅग्नेटचं बटण दाबल्यावर मशीन दोन्ही हातांनी हलवून बघावी, मग मोटार सुरू करावी, असं जुने फिटर करतात. त्यांना वेळ असतो.

भोक पाडणारा पोकळ कटर बसवताना मात्र रुबाब दाखवता येतो. त्याच्या दांड्यावर दोन सपाट पट्ट्या असतात, त्यांच्यासमोरच दोन स्क्रू आले पाहिजेत. आले नाहीत तरी ॲलन की जोर लावून फिरवा, काहीतरी आवळलं जातंच. मधली पिन बारीक आहे, हरवणारच. तिच्यामुळे कटर खुणेवर बसतो, तिच्या कडेने तेल आत उतरतं आणि भोक पूर्ण झाल्यावर आतला लोखंडाचा गोल तुकडा तीच बाहेर ढकलते. हा तुकडा कढईतून काढलेल्या भज्यासारखा गरम असतो, कडेला पात्यासारखी धार असते आणि तो नेमका खाली उभ्या असलेल्याच्या दिशेने जातो. तेव्हा खाली कोणीतरी उभं असलेलं बरं, तुकडा हरवत नाही.

एम-२० म्हणजे २० मिलिमीटरच्या बोल्टसाठी २२ मिलिमीटरचं भोक पाडायचं. साध्या लोखंडात, हायस्पीड स्टीलच्या कटरला साडेतीनशे-चारशे आरपीएम पुरतात. तुम्ही गिअर सगळ्यात वरचा टाका, मुकादम बघतोय. आणि हँडलला लोंबकळा. हा कटर सगळं लोखंड खात नाही, फक्त कडेची रिंग कापतो, म्हणून त्याला सुरुवातीला हलका आणि मग एकसारखा दाब लागतो. पण एकसारखं असं आपल्याकडे काय आहे? पाऊससुद्धा नाही. तेलाची बाटली मशीनच्या कुशीला टांगलेली असते, ती आडव्या प्लेटवर चालते. उभ्या कॉलमवर तेल कटरच्या आत जाण्याऐवजी खाली ओघळतं, तिथे पेस्ट नाहीतर मेणाची कांडी लावावी लागते. कांडी आणायला गावात जावं लागेल. जाऊ द्या.

काही महिन्यांनी मशीनला प्ले येईल, म्हणजे वर-खाली सरकणारी स्लाइड ढिली होईल. कटर टेकताच खडखड होते, भोक लंबगोल पडतं, दात तुटतात. दोष कटरवाल्याला द्या आणि दुकानात जाऊन भांडा. बाजूच्या पट्टीवर ओळीने छोटे स्क्रू असतात, त्यांच्यावर चेकनट. प्लग काढून नट सैल करायचे, प्रत्येक स्क्रू थोडा-थोडा, सारखा आवळायचा, हँडल फिरवून बघायचं. स्लाइड अडकत नाही आणि स्वतःच्या वजनाने खालीही येत नाही, अशा जागी नट पुन्हा पक्के करायचे. दहा मिनिटांचं काम. मी हे एका पोराला शिकवलं, तो महिन्याभरात पुण्याला गेला. तेव्हापासून मी कोणाला शिकवत नाही.

कापडी हातमोजे जरूर घाला, सेफ्टीवाला खूश होतो आणि फिरत्या कटरला धरायला काहीतरी मिळतं. जिलबीसारखा गुंडाळलेला कीस चालू मशीनवरच हाताने ओढा. त्याच गर्डरवर पलीकडे वेल्डिंग चालू असेल तर चालू द्या. वेल्डिंगचा करंट ड्रिलच्या अर्थिंगच्या वायरमधून वाट काढू शकतो आणि वायर जाळतो. पण अर्थिंगची वायर मुळात जोडलेली असली तर!

राहिली लाइट. मॅग्नेट ड्रिलचं सगळं शौर्य लाइट असेपर्यंत. ती गेली की मोटार थांबते, हे सगळ्यांना कळतं. चुंबकही त्याच क्षणी सोडून देतं, हे मशीन खाली आल्यावर कळतं. त्यासाठी लोडशेडिंगचीही गरज नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही एका शेडच्या कॉलमवर भोकं पाडत होतो. ऊन असं की गर्डरला हात लावला तर फोड यावा. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर ड्रिल, कूलर आणि ग्राइंडर. दुपारी जेवणाच्या वेळेला एका पोराच्या मोबाइलची बॅटरी दोन टक्क्यांवर आली. त्याने बोर्डाकडे बघितलं, कूलरला हात लावायची हिंमत झाली नाही, म्हणून दुसरा प्लग काढला.

वर फिटर हँडल धरून उभा. तेरा-चौदा किलोची मशीन त्याच्या हातातून निसटून दहा फुटांवरून सरळ खाली आली ती एका डब्यावर. डबा स्टीलचा, तीन खणी. वरच्या खणात ठेचा होता. डब्याची ताटली झाली, ठेचा कॉलमवर चार फुटांपर्यंत उडाला, तो डाग प्रायमरपेक्षा पक्का निघाला.

डब्याचा मालक मिनिटभरापूर्वी त्याच जागी मांडी घालून बसला होता. ठेचा तिखट लागला म्हणून पाणी प्यायला उठला. ग्लास जागेवर आणता येत नव्हता, साखळीने जारला बांधलेला होता, म्हणून त्याला तिथपर्यंत चालत जावं लागलं. तो अर्धा ग्लास पाणी हातात घेऊन तसाच उभा, तोंडातून शब्द फुटेना.

ठेकेदार आला. त्याने वर बघितलं, खाली बघितलं, डब्याकडे बघितलं, मग डब्याच्या मालकाच्या हातातल्या ग्लासाकडे.

"बघा," तो म्हणाला, "साखळी लावली म्हणूनच वाचला ना?"