नोकोगिरियामाला गेलात तर एकदा तरी पायवाटेनं चढा

जपानला आई-बाबा आले की त्यांना कुठं न्यायचं, हा विषय आमच्या तोक्योतल्या निशिकासाई भागातल्या मराठी घरांत सारखा निघतो. उत्तरं ठरलेली असतात. लांबून फुजी, कामाकुराचा बुद्ध, आसाकुसा. मी त्यात दरवेळी आग्रहानं एक नाव घालते, नोकोगिरियामा. नोकोगिरि म्हणजे करवत, यामा म्हणजे डोंगर. तोक्योशेजारच्या चिबा प्रांतात तोक्यो उपसागराच्या काठावर तो उभा आहे आणि त्याची उंची ३२९ मीटर.

आकडा ऐकला की आपली सह्याद्रीत वाढलेली माणसं म्हणतात, "ही तर टेकडी!" कळसूबाई १६४६ मीटर, मग याचं काय कौतुक? मला हे अजिबात पटत नाही. पायथ्याचं हामाकानाया स्टेशन जवळजवळ समुद्राच्या पातळीवर आहे, त्यामुळं जी उंची आहे ती सगळी आपल्याच पायांनी चढायची असते. आणि डोंगर काय फक्त मीटरमध्ये मोजायचा?

गेल्या डिसेंबरात आईला घेऊन गेले. तिचं वय ६६, गुडघा कुरकुरणारा, पण पुण्यात असली की रोज पर्वती चढणारी. रोपवेनं चार मिनिटांत वर जाता येतं, ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर जावं. आम्ही मात्र शारिकिमिचीनं निघालो, म्हणजे गाडी ओढणाऱ्यांच्या वाटेनं. या डोंगरातून एदो काळापासून (१६०३ ते १८६८) थेट १९८५ पर्यंत बोशू नावाचा दगड काढत असत. मऊ, कापायला सोपा. योकोहामाच्या बंदराच्या कामात तो वापरला गेला. वरून खाली तो आणायच्या बायका. एक दगड ८० किलोचा, असे तीन एका लाकडी गाडीवर. उतारावर गाडी मागून रेटावी लागत नाही, ती अंगावर येते, म्हणून तिचा मागचा भाग जमिनीला घासत वेग आवरायचा. खाली दगड उतरवले की रिकामी गाडी पाठीवर घेऊन पुन्हा वर. दिवसाला तीन खेपा.

वाटेतल्या दगडांवर त्या चाकांच्या चाकोऱ्या अजून आहेत. एके ठिकाणी आई खाली बसली. मला वाटलं गुडघा दुखला. तिनं चाकोरीत हात घातला, तर बोटं पेरापर्यंत आत गेली. म्हणाली, "रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायका मी पाहिल्यात गं. पण ओझं टाकल्यावर गाडीच पाठीवर घ्यायची?" मग बराच वेळ काही बोलली नाही.

पुढं खाण येते. सरळ कापलेल्या उंचच उंच भिंती, एका भिंतीत 'सुरक्षितता प्रथम' ही चार चिनी अक्षरं कोरलेली, आणि गंजून गेलेली यंत्रं जागच्या जागी उभी. लोक पुढं आलेल्या त्या 'नरकात डोकावण्याच्या' कड्यावर फोटोसाठी रांग लावतात. दृश्य खरंच सुंदर आहे. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली तर उपसागरापलीकडं फुजी दिसतो, आम्हाला दिसला. पण कडा इतका सरळसोट कुणाच्या हातांनी झाला, हे पायवाटेनं आल्याशिवाय कळत नाही, म्हणून माझा एवढा हट्ट.

पलीकडच्या उतारावर निहोन-जी हे मंदिर आहे, स्थापना ७२५ सालची. तिथला १७८३ मध्ये कोरलेला बुद्ध ३१ मीटर उंच, कामाकुराच्या दुपटीहून मोठा, तरी त्याच्यापुढं गर्दी अगदी तुरळक. हा भैषज्यगुरू, हातात औषधाचं भांडं. आईनं गुडघ्यासाठी हात जोडले. वाटेत अर्हतांच्या, म्हणजे निर्वाणाला पोचलेल्या बौद्ध साधकांच्या, शेकडो दगडी मूर्ती आहेत. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) बौद्ध मूर्ती फोडण्याची लाट आली तेव्हा त्यांतल्या कितीतरींची डोकी उडवली गेली. ते बघून जीव तुटतो.

पायऱ्या खूप आहेत, उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते. काठी आणि पाणी बरोबर ठेवा. परतताना पायथ्याच्या कानाया बंदरातून उपसागरापलीकडच्या कुरिहामाची फेरी बोट घ्या, साधारण ४० मिनिटं लागतात. आई सगळा वेळ मागच्या डेकवर उभी होती, डोंगराकडं तोंड करून.