सर्पदंशावरची बाटली आणि तीन तासांची थाप

भातलावणी जवळ आली की आमच्याकडे व्हॉट्सॲपवर एक जुनाच संदेश नव्याने फिरू लागतो. यंदा तो आमच्या काकूंपर्यंत पोहोचला आणि त्यांनी मुंबईच्या पुतण्याला सांगून संदेशातली बाटली मागवून फडताळात ठेवलीसुद्धा. आता रात्री-अपरात्री गाडी शोधत रत्नागिरीला धावायला नको, असे त्या मोठ्या समाधानाने सांगत होत्या. हे समाधान एखाद्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणून हा प्रतिवाद.

संदेशात म्हटले आहे ते थोडक्यात असे. भारतात सापांच्या साडेपाचशे जाती असून त्यांपैकी फक्त दहा विषारी आहेत. विष अंगभर पसरायला तीन तास लागतात, तोवर माणूस मरत नाही. त्या अवधीत 'नाजा 200' या होमिओपॅथिक औषधाचे थेंब दहा-दहा मिनिटांनी तीनदा जिभेवर टाकले की कोणत्याही सापाचे विष उतरते. सिरिंजचे पुढचे टोक कापून तिने जखमेतले विष ओढून काढावे. रुग्णालयातले इंजेक्शन हजारो रुपयांना पडते, आणि हे दहा रुपयांचे औषध कंपन्या व सरकार संगनमताने दडवून ठेवतात. याला आमच्याच भागातल्या कोणा उत्साही गृहस्थाने शेपूट जोडले आहे: इंग्रजांच्या काळाप्रमाणे सरकारने दर फुरशामागे (कोकणातल्या लहानशा विषारी सापामागे) बक्षीस लावावे, म्हणजे प्रश्नच मिटेल.

जातींचा आकडा चुकीचा आहे. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जातींची नोंद असून समुद्री साप धरून त्यांपैकी साठेक विषारी आहेत. मात्र बहुतेक साप बिनविषारी असतात हे खरे आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते, कारण संदेशातला सगळा खोटेपणा याच एका खऱ्या गोष्टीवर उभा आहे. आपल्याकडे चावणाऱ्या सापांत दिवड, धामण, कवड्या, नानेटी यांचा भरणा मोठा असतो. शिवाय विषारी साप चावला तरी तो दर वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणजे साप चावलेल्या माणसांच्या जिभेवर नुसते पाणी टाकले असते तरी त्यांतले बरेच जण दुसऱ्या दिवशी शेतावर गेले असते. गावोगावच्या मांत्रिकांची कीर्ती याच हिशेबावर वाढली आणि आता या बाटलीची वाढते आहे. दिवड चावलेला माणूस थेंब घेऊन बरा होतो आणि पुढे वर्षानुवर्षे त्याची साक्ष देत राहतो. मण्यार चावलेला माणूस साक्ष द्यायला उरत नाही. त्यातही कवड्या आणि मण्यार यांच्यातला फरक कंदिलाच्या किंवा मोबाईलच्या उजेडात चांगल्या जाणत्यालाही पटकन कळत नाही, त्यामुळे 'आमच्याकडे मण्यार चावूनही बाटलीने गुण आला' ही साक्ष तपासून पाहायची कशी, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आता त्या तीन तासांकडे वळतो, कारण संपूर्ण संदेशातले सर्वांत घातक वाक्य तेच आहे. विष पसरण्याचे असे कोणतेही ठरलेले वेळापत्रक नाही. नागाच्या दंशानंतर कधी कधी अर्ध्या तासातच पापण्या जड होतात, जीभ अडखळते आणि पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. मण्यारीची तऱ्हा वेगळी आहे. ती बहुधा रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्यांना चावते, दंश फारसा दुखत नाही, खूण सापडेलच असे नाही, आणि पोटात कळ येऊन माणूस जागा होतो तेव्हा घरचे ओवा-हिंग देत बसतात. पहाटे डोळे उघडेनासे झाले की मग साप आठवतो. अशा रुग्णाला त्या घटकेला श्वास चालू ठेवणारे यंत्र आणि ते हाताळणारा डॉक्टर हवा असतो.

कोकणात ज्याची खरी धास्ती धरायला हवी त्या फुरशाच्या बाबतीत तर ही थाप आणखीच फसवी ठरते. गडग्याच्या म्हणजे दगडी कुंपणाच्या फटीत, कातळावरच्या सुक्या गवतात, चिरेखाणीच्या कडेला, कलमांखालच्या पातेऱ्यात म्हणजे वाळक्या पानांत हा वीतभर-हातभर लांबीचा जीव बसलेला असतो आणि पातेरा गोळा करणाऱ्या बाईच्या बोटाला किंवा गवत कापणाऱ्याच्या पायाला चावतो. दंशाची जागा सुजते, आग होते, पण तीन तासांनी माणूस जिवंत असतो, बोलतो, चहाही घेतो. बाटलीवर विश्वास ठेवणाऱ्याला वाटते की विष उतरले. प्रत्यक्षात तोवर रक्तातले गोठण्याचे घटक संपत आलेले असतात. नंतर हिरड्यांतून रक्त येऊ लागते, लघवी लाल होते, आणि मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव झाला तर हाती काही उरत नाही. हा फरक ओळखण्याची चाचणी इतकी साधी आहे की ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते: रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती 20 मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करून पाहायची. रक्त पातळच राहिले तर विष भिनले आहे असे समजून उपचार सुरू होतात. रुग्ण केंद्रात पोहोचलाच नाही तर मात्र ही नळी कोण तिरकी करणार?

बाटलीत काय आहे हेही पाहू. 'नाजा' हे औषध नागाच्या विषापासून बनवतात, असे होमिओपॅथीवालेच सांगतात. 200 या आकड्याचा अर्थ असा की मूळ द्रव्याचा एक भाग शंभर भागांत मिसळण्याची क्रिया ओळीने दोनशे वेळा केली. म्हणजे विरलता एकावर चारशे शून्ये इतकी झाली. दृश्य विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्या साधारण एकावर ऐंशी शून्ये मानतात. बाराव्या-तेराव्या पायरीपुढे मूळ द्रव्याचा एकही रेणू उरण्याची शक्यता राहत नाही, मग दोनशेव्या पायरीचे काय सांगावे! बाटलीत असते ते अल्कोहोल-पाणी. आणि समजा, त्यात काही असते, तरी ते नागाचे असते. फुरसे व घोणस यांचे विष रक्तावर काम करते आणि नाग व मण्यार यांचे मज्जासंस्थेवर. नागाच्या नावाची बाटली फुरशावर कशी चालते, याचे स्पष्टीकरण संदेशात नाही आणि ते मागण्याची तसदी तो पुढे पाठवणाऱ्यांनी घेतलेली नाही.

यावर एक हुशार प्रश्न नेहमी येतो की इंजेक्शनदेखील विषापासूनच करतात ना? करतात, आणि संदेशातले दुसरे अर्धसत्य ते हेच. तमिळनाडूतल्या इरुळा समाजाची सहकारी संस्था नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष काढून पुरवते. ते अल्प मात्रेत घोड्यांना वाढत्या क्रमाने टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार होतात आणि ती शुद्ध करून कुप्यांत भरतात. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते यामुळेही. घोड्याला ही प्रतिपिंडे तयार करायला कित्येक आठवडे मिळतात. साप चावलेल्या माणसापाशी तेवढा वेळ नसतो, म्हणून त्याला ती तयार द्यावी लागतात. ती मोजता येतात, विषाला चिकटतात आणि त्याला निकामी करतात. मात्राही रुग्णाच्या वजनावर ठरत नाही, कारण सापाने लहान मुलाला विष कमी सोडलेले नसते. सुरुवातीला साधारण आठ ते दहा कुप्या मुलालाही लागतात आणि मोठ्यालाही.

सिरिंजबद्दल फार लिहीत नाही. दात आत गेल्यावर विष ऊतींत शिरलेले असते, ते ओढून परत येत नाही. जखमेवर ब्लेड चालवणे त्याहून वाईट, कारण फुरसे चावलेल्याचे रक्त गोठत नसताना त्याला आपण होऊन कापणे म्हणजे नवा रक्तस्राव ओढवून घेणे होय. करकचून दोरी बांधू नये. हाड मोडल्यावर बांधतात तशी फळी किंवा काठी लावून तो हात अथवा पाय स्थिर ठेवावा, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, माणसाला चालवू नये आणि 108 ला फोन करावा किंवा मिळेल ते वाहन धरावे.

औषध दडवल्याच्या आरोपाने मात्र मला खरोखर राग येतो, कारण त्याचे उत्तर कोकणातच आहे. 1976 साली डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तेव्हा इकडे धडधाकट माणसे व मुले हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन मरत असत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी वापरून पाहिली आणि निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. मृत्यूंचे प्रमाण कमालीचे घटले आणि हा उपचार देशाबाहेरही स्वीकारला गेला. औषध स्वस्त, डॉक्टर सरकारी केंद्रातला, गाव आडबाजूचे, आणि तरीही ना कंपन्यांनी ते दाबले ना सरकारने. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाटलीच्या पुरस्कर्त्यांनी फुरसे चावलेल्या, रक्त न गोठणाऱ्या रुग्णांच्या अशा नोंदी आजवर कोठे मांडल्या आहेत?

नोंदी काय सांगतात ते 'ईलाइफ' या नियतकालिकात 2020 साली आलेल्या अभ्यासात आहे. घरोघरी जाऊन सहा लाखांहून अधिक मृत्यूंच्या कारणांची चौकशी करणाऱ्या पाहणीवर तो आधारलेला आहे. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. त्यांतले पाव हिश्श्याहून अधिक बळी पंधरा वर्षांखालच्या मुलांचे होते, निम्मे मृत्यू पावसाळ्यातले होते आणि बहुसंख्य माणसे खेड्यांत, आपल्या घरी मेली. यातली शेवटची बाब पुन्हा वाचावी. संदेश ज्या घरी थांबायला सांगतो, बहुसंख्य मृत्यू तिथेच झालेले आहेत.

खर्चाचे म्हणाल तर सरकारी रुग्णालयात हे इंजेक्शन मोफत मिळते. खासगीत बिल मोठे होते ते बहुधा अतिदक्षता विभागाचे. तरीही तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. काही केंद्रांत कुप्या पुरेशा नसतात, काही ठिकाणी त्या असूनही तीव्र ॲलर्जीच्या भीतीने रुग्ण पुढे पाठवला जातो, आणि मग ओरोस, रत्नागिरी, बांबोळी किंवा घाट चढून कोल्हापूर या रस्त्यातच अमूल्य वेळ जातो. इंजेक्शन चार प्रमुख सापांपुरते बनवलेले असल्याने सह्याद्रीतल्या चापडा या विषारी सापांच्या विषावर ते भरवशाचे नाही, हीदेखील खरीखुरी उणीव आहे. केंद्र सरकारने 2024 च्या मार्चमध्ये सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यातले आपल्या केंद्रात काय आले, फ्रिजमध्ये कुप्या किती आणि रात्री डॉक्टर असतो का, हे ग्रामसभेत विचारता येते. पावसाळ्यापूर्वी एकदा विचारले तर काकूंच्या बाटलीपेक्षा त्याचा उपयोग नक्कीच अधिक होईल.

राहिले ते बक्षिसाचे शेपूट. इंग्रजांनी बक्षीस लावले होते हे खरे आहे. 1862 च्या डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यात अवघ्या आठ दिवसांत 1,15,921 फुरशी मारून जमा केल्याची नोंद आहे, आणि इतर काही वर्षांतही लाखांनी फुरशी मारली गेली. इतका संहार आणि इतका सरकारी पैसा खर्ची पडूनही रत्नागिरीच्या कातळावरून फुरसे नाहीसे झाले नाही. मादी एका वेळी बरीच जिवंत पिल्ले घालते आणि दडायला जांभ्याच्या फटी अगणित आहेत. आज असे बक्षीस लावले तर दगड उचकटत हिंडणाऱ्यांची संख्या वाढेल आणि तिच्याबरोबर दंशांचीही.